फ्रीलान्स डिझाइन आणि रिटचिंग: सुरुवातीला या चुका टाळा

फ्रीलान्स डिझाइन किंवा फोटो रिटचिंग नव्याने सुरू केलेली मंडळी अडचण घेऊन येतात, तेव्हा ती क्वचितच टूलची असते. पेन टूल येतं, मास्किंग येतं, लेअर्सना नावंही दिलेली असतात. घोळ झालेला असतो तो फाइल उघडण्याच्या आधी. विचारायचं ते विचारलेलं नसतं आणि ठरवायचं ते ठरवलेलं नसतं. मग चार दिवस निस्तरण्यात जातात.

पहिला प्रश्न अगदी साधा: हे लागणार कुठे? मोबाइलवर की छापून? क्लायंट वॉट्सॲपवर फोटो पाठवतो, समजा १६०० पिक्सेल रुंद. स्क्रीनवर झकास दिसतो म्हणून आपण तो माहितीपत्रकाच्या ए-४ पानभर पसरतो आणि छापून आल्यावर चेहरा पुसट. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर १६०० पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. ए-४ ची रुंदी २१० मिलिमीटर, तिला २४८० पिक्सेल लागतात. इमेज साइजमध्ये ७२ खोडून ३०० लिहिलं की झालं, असं बरेच जण समजतात. रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलण्याचा पर्याय) बंद असेल तर त्याने एकही पिक्सेल वाढत नाही, आणि चालू असेल तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. त्यापेक्षा मूळ फाइल मागा, आणि ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. ब्लीडचंही, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवून ठेवलेल्या चित्राचंही, तसंच. कटिंगनंतर कडेला पांढरी रेघ दिसली, तर ब्लीड सोडलेलं नव्हतं असं समजा. साधारण ३ मिलिमीटर लागतं, पण आकडा छापखान्यालाच विचारावा.

रंगांच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलोय. छपाईच्या पहिल्याच मोठ्या कामात सगळे फोटो काळपट आले. छापखान्याशी हुज्जत घालून झाली आणि मग कळलं, की माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर होता. लखलखीत स्क्रीनवर फोटो उजळ वाटायचे, म्हणून मी सावल्या आणखी दाबत होतो. छपाईच्या कामासाठी मॉनिटर साधारण १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतपतच उजळ ठेवतात, व्हाइट पॉइंट (स्क्रीनवरच्या पांढऱ्याची छटा) बहुधा ६५०० केल्विन. कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवण्याचं, यंत्र विकत घेणं जमत नसेल, तर निदान ब्राइटनेस खाली आणा आणि एक प्रूफ (नमुना प्रत) छापून स्क्रीनशेजारी धरा.

उलट तक्रारही येते: ‘तुमच्याकडे छान होता, वेबसाइटवर फिका पडला.’ अशा वेळी फाइल बहुधा अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या रंगपद्धतीत असते आणि प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग हे सांगणारी माहिती, जोडलेलं नसतं. वेबसाठी एसआरजीबी या स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत कन्व्हर्ट करून, प्रोफाइल एम्बेड करून द्या. कन्व्हर्टच, असाइन नव्हे. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तसाच राहतो. आणखी एक: आरजीबीतला काळा मजकूर सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, नेला की तो चार शाईंचा होतो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मजकुराला फक्त काळी शाई ठेवा, १०० टक्के.

आता रिटचिंग. ‘चेहरा प्लास्टिकचा दिसतोय’ ही तक्रार ऐकली की मी आधी फ्रीक्वेन्सी सेपरेशनचा (त्वचेचा पोत वरच्या लेअरवर आणि रंग-छटा खालच्या लेअरवर वेगळ्या करण्याच्या तंत्राचा) खालचा लेअर उघडतो. तिथे बहुतेकांनी मोठी सिलेक्शन करून भरमसाट ब्लर मारलेला असतो. वरच्या लेअरवर छिद्रं शाबूत असतात, पण गालाचं हाड, नाकाची बाजू, डोळ्याखालचा उतार हे सगळं सपाट झालेलं असतं. त्वचा आहे, चेहरा नाही! माझं मत विचाराल तर नवख्याने हे तंत्र वर्षभर बाजूला ठेवावं. कर्व्हजचे (उजेड-अंधार बदलणारे) दोन लेअर घ्या, एक उजळ, एक गडद, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे परिणाम झाकलेला. मऊ पांढरा ब्रश, फ्लो (रंग सुटण्याचं प्रमाण) २-३ टक्के, आणि डाग तेवढे हळूहळू आजूबाजूच्या उजेडाशी जुळवा. वेळ लागतो. पण काम उलटता येतं, आणि शेवटी सगळ्याचा एक ग्रुप करून त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ७० टक्क्यांवर आणली की फोटोत जीव परत येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

दुसरी खोड म्हणजे २०० टक्के झूमवर तासन्‌तास बसणं. तिथे प्रत्येक केस गुन्हेगार वाटतो. मी मध्येच झूम आउट करून फोटो आडवा फ्लिप करतो, की एका गालावर जास्त हात फिरलेला लगेच डोळ्यात भरतो. काय जपायचं हेही आधी विचारा. तीळ, व्रण, सुरकुत्या या माणसाच्या ओळखीच्या गोष्टी आहेत. मी एकदा विचारल्याशिवाय तीळ काढला होता. तो परत आणता आला, कारण मूळ लेअरला हात लावलेला नव्हता.

पैशांबद्दल तोंडी बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. करारनामा जड वाटत असेल, तर निदान असा मेसेज पाठवा आणि होकार लेखी घ्या: ‘१२ फोटोंचं रिटचिंग. बदलांच्या दोन फेऱ्या या रकमेत, पुढच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे. निम्मी रक्कम कामाआधी, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. पीएसडी (लेअर्ससकट फोटोशॉप फाइल) यात धरलेली नाही.’ मंजुरीसाठी पाठवायची प्रत लहान आणि वॉटरमार्क घातलेली असू द्या. ‘जरा अजून पॉप करा’ असं कोणी म्हणालं, तर नमुन्याचा एखादा फोटो मागा. त्या शब्दाचा अर्थ कॉन्ट्रास्टपासून नारंगी रंगापर्यंत काहीही निघतो.

फुकट मिळालेला फॉन्ट लोगोत वापरण्याआधी त्याचं लायसन्स वाचा. बऱ्याच फॉन्टवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं. आणि आधी-नंतरची जोडी पोर्टफोलिओत टाकायची असेल, तर क्लायंटला आणि फोटोतल्या माणसालाही विचारा. ‘नंतर’चा फोटो त्यांना आवडलेला असतो, पण ‘आधी’चा जगाला दाखवायला कितीजण तयार होतील? नकार आला तर स्वतःचाच फोटो काढा आणि त्यावर जोडी बनवा.