बंद पॉवर हाऊसमध्ये वाट चुकू नये म्हणून

आम्ही पुण्यातले चारपाच जण जुन्या बंद इमारती बघत फिरतो, ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस (जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी बांधलेलं) हे तर पुण्याहून जाताना कल्याणच्या पुढच्याच स्टेशनला. अशा ठिकाणी प्रॉब्लेम एकच, जाताना दिसलेली वाट परत येताना ओळखूच येत नाही, सगळे जिने आणि पाइप सारखेच.

१. परवानगी काढूनच जा, वॉचमनला "काका, पाच मिनिटं" करून नाही.
२. प्रत्येक वळणावर थांबायचं, मागे वळायचं आणि आलो त्या बाजूचा फोटो काढायचा. परत येताना तेच फोटो उलट्या क्रमाने बघत यायचं.
३. टॉर्च कपाळावर नको, हातात घोट्याच्या उंचीला आडवी धरा. आडव्या उजेडात खड्ड्याची, उचकटलेल्या जाळीची लांब सावली पडते, वरून मारलेल्या उजेडात सगळं सपाट वाटतं आणि केबलच्या चराचं झाकण भंगारवाल्याने कधीच नेलेलं असतं.

एक मात्र नक्की, पाइपांवरचं पांढरं, सुटलेलं वेष्टन अजिबात हलवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू) असू शकतं आणि रुमाल बांधून ते अडत नाही.