मीटर मोजा, मग यादी वाचा

पुनर्विकासाच्या पहिल्या सभेला बिल्डरकडून समोसे येतात आणि गुळगुळीत कागदावरचं चित्रांचं पुस्तक. समोसे खाऊन घ्या. पुस्तक बाजूला ठेवा आणि जिन्याखाली जाऊन बेस्टचे विजेचे मीटर मोजा.

मी लग्न होऊन गिरगावातल्या या चाळीत आले त्याला छत्तीस वर्षं झाली. टेलिफोन खात्यात कारकुनी केली, त्यामुळे कागद जपायची खोड लागलेली. म्हणून चाळ बिल्डरकडे जायचं ठरलं तेव्हा फाइल आपसूक माझ्या गळ्यात पडली. आमच्या बोर्डावर मीटर ३८ आणि भाडेकरूंच्या यादीत नावं ४१. तीन माणसं अंधारात राहत होती म्हणायची! तळमजल्याच्या बंद गोदामात प्लायवूडचे पडदे उभे करून तीन खोल्या ‘झाल्या’ होत्या.

आपलं काय जातं, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. जातं ते असं. आपली इमारत उपकरप्राप्त, म्हणजे सेसची. भाडी गोठलेली, घरमालक दुरुस्ती करेनात, म्हणून १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती अंगावर घेतली. भाडेपावती काढून बघा, दुरुस्ती उपकराचा आकडा वेगळा असतो. आमच्याकडे तो मूळ भाड्याहून मोठा होता. अशा इमारतीचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली होतो. रहिवाशांना जितकं क्षेत्र द्यायचं, त्याच्या प्रमाणात बिल्डरला विकायला प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. हे दोन्ही वजा जाऊन मंजूर क्षेत्रातलं जे उरेल ते म्हाडाकडे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे जातं आणि त्या खोल्या बृहत्सूचीतल्या लोकांना मिळतात. हे लोक म्हणजे ज्यांची चाळ पडली, प्लॉट लहान म्हणून पुन्हा उभी राहिलीच नाही आणि जे प्रतीक्षानगर नाहीतर कन्नमवारनगरच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये म्हातारे झाले. खोटं एक नाव घुसलं की एक घर बिल्डरच्या माणसाला जातं, वर विक्रीचं क्षेत्र वाढतं, आणि म्हाडाच्या वाटणीतून दोन्हींची वजावट होते.

तेव्हा सही करायच्या आधी यादी. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने प्रमाणित केलेली मागा, बिल्डरने टाइप केलेली नको. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली भाडेकरूपदं धरत नाहीत, ही तारीख पाठ करून ठेवा. प्रत्येक नावापुढे जुनी भाडेपावती, लाइट बिल, मतदार यादी असं लावून बघा. आम्ही ते रविवारी चाळीच्या गॅलरीत सतरंजी टाकून केलं. खरी रड खोट्या नावांपेक्षा खऱ्यांची निघाली: पावती अजून सासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली, आणि तीन भावांत एक खोली. नाव बदलून घ्यायला मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, घरमालकाची सही लागते. ती सही वर्षभर मिळत नाही. बिल्डर यायची वाट बघू नका, हे काम आजच सुरू करा.

मोजणीला घरात थांबा. आमच्याकडे आलेल्या मुलाने मोरी सोडून टेप लावली. मी म्हटलं, बाबा, मोरी काय हवेत आहे? माझ्या पुतणीने टेपचं टोक मोरीच्या भिंतीला धरलं आणि आकडा १६८ चा १८२ झाला. आता ३०० चौरस फुटांच्या आतल्या सगळ्यांना ३०० मिळणारच, मग हा आटापिटा कशाला? कारण ज्याची खोली मुळात मोठी आहे त्याला आकड्याने फरक पडतो आणि कोणाची खोली कागदावर फुगवली हेही तेव्हाच कळतं. मोजणीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

संमतीपत्रावर कोरी जागा ठेवून सही करू नका. ५१ टक्के सह्या पुरेशा असतात, आणि एकदा म्हाडाची ना-हरकत मिळाली की मागे राहिलेल्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली खोली रिकामी करायला लावता येते. म्हणजे ताकद आहे ती सही करायच्या आधी. कायमच्या पर्यायी जागेचा करार ज्याचा त्याच्या नावाने नोंदवलेला हवा. त्यात क्षेत्र, मजला, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायच्या भाड्याची रक्कम आणि ती थकली तर काय, हे लिहिलेलं हवं. बाकी लॉबीत संगमरवर का ग्रॅनाइट, हे भांडण चाळीच्या मंडळातल्या पोरांवर सोडा.

मग माझा आवडता भाग. म्हाडाच्या ना-हरकत पत्रात अतिरिक्त क्षेत्र, म्हणजे वर सांगितलेली म्हाडाची वाटणी, बिल्डरने किती चौरस मीटर द्यायचं ते लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा, पेन्सिलने अधोरेखित करा आणि चाळीच्या फळ्यावर लिहा. आपल्या खोल्या मिळाल्या की हे क्षेत्र सगळे विसरतात, आणि ते कागदावरच राहण्याचा धोका तिथेच असतो. आठवण ठेवायला दहा रुपये लागतात: माहिती अधिकाराच्या अर्जावर कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. माझा पहिला अर्ज म्हणजे कादंबरी होती, परत आला. दुसऱ्यात एवढंच लिहिलं: अमुक इमारतीच्या ना-हरकत पत्रानुसार देय अतिरिक्त क्षेत्र किती, त्यापैकी ताब्यात आलं किती, ताबा पावतीची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील.

अर्ज दोनदा करायचा: एकदा काम अर्ध्यावर असताना, आणि एकदा ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळाल्यावर. दुसऱ्या वेळी चाळीतले लोक विचारतील, आता कशाला मावशी, चाव्या तर मिळाल्या. आमच्या इथेही विचारलं. मी पोचपावती फाइलला लावली आणि चहा टाकला.