मे महिन्यात लेक ट्राउटला जाताना

लेक ट्राउट या थंड पाण्यातल्या तळ्यातल्या माशाला साधारण १० अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अल्गाँक्विन उद्यानात या माशाच्या मासेमारीला जायची सगळी तयारी या एका आकड्याभोवती करायची. ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, पण आतल्या तळ्यांवरचा बर्फ काही वर्षी मे उजाडला तरी हटलेला नसतो. म्हणून रजा टाकण्याआधी बर्फ गेल्याची खात्री करून घ्या. त्यानंतरचे तीन-चार आठवडे वरचं पाणीही थंड असतं, मासा खडकाळ काठालगत उथळात हिंडतो आणि कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, हलक्या होडीतून, साध्या रॉडने लागतो. जुलैत तोच मासा १५-२० मीटर खाली उतरतो. तेव्हा गळ खाली न्यायला ६०-९० ग्रॅमचं वजन, खोलीचा नकाशा आणि बरीच चिकाटी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मेच निवडावा.

मात्र मेच्या सुरुवातीला पाणी ४-६ अंशांवर असतं. त्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय साथ सोडतात. पोहता येणाऱ्याचंही तेच होतं. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवू नका, अंगात घालून चेन लावा. कनूत १५ मीटरची तरंगणारी दोरी, शिट्टी आणि पाणी उपसायचं भांडं कायद्यानेच लागतं. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. लोकरीचा एक कोरडा जोड वॉटरप्रूफ पिशवीत भरून पिशवी कनूला बांधा. मेच्या मध्यानंतर चावणाऱ्या काळ्या माश्या उठतात, तेव्हा डोक्यावरची जाळी हवीच.

रॉड साडेसहा फुटी, मध्यम ताकदीचा आणि दोन तुकड्यांचा घ्या, कारण एका तळ्यातून दुसऱ्यात जायला कनू डोक्यावर घेऊन झाडीतून चालताना अखंड रॉडचं टोक हमखास मोडतं. रीळ २५०० आकाराचं, गळाची दोरी ८-१० पौंडी (तेवढा ताण सोसणारी), शिवाय दोरी भरलेलं एक जादा स्पूल, म्हणजे रिळातली फिरकी. चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची खोटी आमिषं, ७ ते २० ग्रॅमचे, चंदेरी आणि तांब्याच्या रंगाचे, प्रत्येकी तीन तरी असू द्या. खडकात अडकून जातातच. चमच्याच्या वर साधारण अर्ध्या मीटरवर स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, बांधा. ते नसेल तर फिरणारा चमचा दोरीला पीळ घालतो आणि दुपारपर्यंत रिळावर गुंता होतो.

कनू वल्हवत चमचा मागून ओढायचा. त्याचा वेग कळतो तो रॉडच्या टोकावरून. २५-३० मीटर दोरी मागे सोडून सावकाश वल्हवलं की टोक ठक-ठक एका लयीत हलायला हवं. नुसतं थरथरत असेल तर चमचा गरगर फिरतोय, म्हणजे वेग जास्त आहे. टोक निपचित असेल तर गळाला शेवाळ लागलंय किंवा वेग कमी पडतोय. सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. वळणाच्या आतल्या बाजूचा चमचा खाली बुडतो, बाहेरचा वेग घेतो आणि मासा बहुतेक वेळा तिथेच झडप घालतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवा, म्हणजे १० पौंडी दोरीला सव्वा किलोच्या आसपास. तो वजनकाट्याने ओढून मोजा. हाताच्या अंदाजाने नेहमी जास्तच घट्ट होतो. रॉडची मूठ सुतळीने कनूला बांधा, नाहीतर पहिल्याच हिसक्याला रॉड तळ्यात जाईल.

तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. शिशाची वजनं नकोत. लून पक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. टिन किंवा टंगस्टनची घ्या. जिवंत आमिष मासा या उद्यानात चालत नाही. उद्यानाच्या अंतर्भागात डबाबंद पदार्थ आणि बाटल्यांनाही बंदी आहे, तेव्हा तिखट, हळद, मीठ आणि तळण्यापुरता रवा-बेसन झिपच्या पिशव्यांत भरा. पिशव्यांवर नावं लिहा, टॉर्चच्या उजेडात हळद आणि बेसन सारखंच दिसतं.

मासेमारीचा परवाना १८ ते ६४ वयाच्या प्रत्येकाला लागतो. अंतर्भागात मुक्कामाचा परवाना त्याहून वेगळा. किती मासे ठेवता येतात हे परवान्याच्या प्रकारावर ठरतं, म्हणून त्या वर्षीचे नियम छापून सोबत न्या. आत फोनला रेंज नसते. हा मासा फार सावकाश वाढतो आणि मोठ्या माशांत पाराही जास्त साठतो. खायला लहान ठेवा, मोठा पाण्याबाहेर न उचलता सोडा. तुकडे करून घरी न्यायचे असतील तर प्रत्येकावर कातडीचा तुकडा राहू द्या. तपासणीत माशाची जात ओळखता आली पाहिजे.