चित्रकलेच्या पेन्सिलींना टोक काढण्याची पद्धत

लिहिण्याच्या पेन्सिलीला टोक असले की काम भागते. चित्राच्या पेन्सिलीला कोणते टोक हवे ते आधी ठरवावे लागते, कारण रेघ, छटा आणि भूमितीची आकृती या तिन्ही कामांना वेगवेगळी टोके लागतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारी बरीच मुले दप्तरातला एकच शार्पनर घेऊन येतात आणि २एचपासून ६बीपर्यंतच्या सगळ्या पेन्सिली त्यातच फिरवतात. २एचचे टोक त्यात चांगले निघते. ६बीचे शिसे मात्र टोकाला आले की तुटते, पुन्हा फिरवले की पुन्हा तुटते, आणि निम्मी पेन्सिल संपल्यावर खापर फोडले जाते ते कंपनीवर.

याचे कारण शिशाच्या घडणीत आहे. ग्रॅफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र मळून भट्टीत भाजण्याची रीत निकोला-झाक काँते या फ्रेंच गृहस्थाने १७९५ च्या सुमारास बसवली आणि आजच्या पेन्सिलीही मुळात त्याच रीतीने तयार होतात. मातीचे प्रमाण वाढले की शिसे कडक होते आणि रेघ फिकी उमटते, ती एच मालिका. ग्रॅफाइट वाढले की शिसे मऊ आणि काळे होते, ती बी मालिका. मऊ शिसे ठिसूळही असते, म्हणून ४बीच्या पुढच्या पेन्सिलींत ते बहुधा जाड घालतात. शार्पनरचे पाते लाकूड आणि शिसे एकाच वेळी, एकाच कोनात तासते आणि तासताना शिशाला पीळ देते. कडक शिसे तो पीळ सोसते, मऊ शिसे सोसत नाही. तेव्हा मऊ पेन्सिलीचे लाकूड कटरने काढावे आणि शिसे पॉलिश पेपरवर घासावे. कडक पेन्सिलीला शार्पनर चालतो.

साहित्य फार लागत नाही. खटक्याने पाते पुढे सरकणारा साधा कटर, २२० आणि ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर, धातूचा एक चांगला शार्पनर, सुती कापडाचा तुकडा आणि भुकटी जमवायला रिकामी काडेपेटी एवढे पुरेसे आहे. पॉलिश पेपरच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्या की त्या हातात नीट धरता येतात. दाढीचे दुधारी ब्लेड बरेच जण वापरतात, पण ते लवचिक असल्यामुळे लाकडात वाकते, आणि दुसऱ्या बाजूचीही धार उघडी असल्याने बोट केव्हा कापेल याचा भरवसा नसतो. शाळकरी मुलांच्या हातात तर ते देऊच नये. कटरसुद्धा मोठ्या माणसाने शेजारी बसूनच वापरू द्यावा.

कटरने तासताना पेन्सिल डाव्या हातात, टोक शरीरापासून दूर राहील अशी धरावी आणि कटर उजव्या हातात घ्यावा. डावखुऱ्यांनी हात उलटे करावेत. पाते लाकडावर जवळजवळ आडवे टेकवावे. ते उभे झाले की लाकडात रुतते आणि सरळ शिशापर्यंत जाते. उजव्या हाताने फक्त कटरचा कोन सांभाळायचा असतो; पाते पुढे ढकलण्याचे काम डाव्या हाताचा अंगठा करतो, तोही पात्याच्या बोथट पाठीवर टेकून. भाजी चिरताना मनगट चालते तसे येथे चालू देऊ नये. अंगठ्याने एक छोटा, सरळ दाब दिला की लाकडाची पातळ साल सुटते, मग पेन्सिल थोडी फिरवून पुढची साल काढायची. षटकोनी पेन्सिलीचे सहा कंगोरे आधी उतरवून घेतले की उतार सगळीकडून सारखा येतो.

लाकडाचा उतार साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब असावा आणि त्यापुढे शिसे ८ ते १० मिलिमीटर उघडे राहावे. नवशिक्याने ५-६ मिलिमीटरवर थांबले तरी चालेल. उतार आखूड ठेवला तर शिशाभोवती लाकडाचा जाड काठ उरतो आणि पेन्सिल आडवी धरून छटा देताना तो काठच कागदावर घासतो. लाकूड संपून शिसे दिसू लागले की दाब निम्म्यावर आणावा. पाते शिशाला लागले तर तेथे बारीकसा खाचा पडतो. तो सहज दिसत नाही, पण पुढे दाब पडला की शिसे बरोबर त्याच जागी मोडते.

लाकूड निघाल्यावर शिशाला आकार पॉलिश पेपरवर द्यायचा. पेन्सिल जवळजवळ आडवी ठेवून, बोटांत सतत फिरवत, मागेपुढे हलक्या हाताने घासावी. २२० वर आकार येतो आणि ४०० वर तो गुळगुळीत होतो. फिरवायचे थांबले की त्या बाजूला सपाटी येते. शेवटी टोक कापडावर पुसावे, नाहीतर त्याला चिकटलेली भुकटी पहिल्याच रेघेबरोबर कागदावर सांडते आणि तळहाताखाली पसरते. पेपरवर साठलेली भुकटी टाकून देऊ नये; काडेपेटीत जमवलेली ही भुकटी कापसाच्या बोळ्याने लावली तर वस्तुचित्रातल्या पार्श्वभूमीची मऊ छटा फार सुरेख येते.

येथेच टोकाचा प्रकार ठरतो. बारीक रेघेसाठी, केसांसाठी, डोळ्याच्या कडांसाठी सुईसारखे लांब टोक काढावे आणि ते एचबी ते २बी या पेन्सिलींपुरतेच ठेवावे. ४बी, ६बी यांना सुईचे टोक देण्यात अर्थ नाही, ते पाच-सहा रेघांत झिजते. त्यांचे शिसे लांब उघडे ठेवून टोक किंचित गोलसर ठेवावे, म्हणजे आडव्या बाजूने रुंद छटा आणि टोकाने गडद रेघ अशी दोन्ही कामे एकाच पेन्सिलीने होतात. तिसरा प्रकार पटाशीच्या आकाराचा: शिसे न फिरवता दोन समोरासमोरच्या बाजूंनी घासून चपटे करायचे. अक्षरलेखनाच्या कच्च्या मांडणीसाठी आणि एकसारख्या जाडीच्या पट्ट्यांनी छटा भरण्यासाठी यासारखे टोक नाही. सुतारांची चपटी पेन्सिल मुळातच अशी असते. चपटी असल्यामुळे ती फळीवरून घरंगळत नाही आणि सुतार तिला पटाशीनेच टोक काढतात.

भूमितीसाठी २एच किंवा एचबी घेऊन शार्पनरने टोक काढावे आणि वरून ४०० क्रमांकाच्या पेपरवर दोन-चार वेळा फिरवावे. कंपासमधल्या शिशाकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. त्याला गोल टोक न देता बाहेरच्या, म्हणजे सुईपासून दूरच्या बाजूने तिरपा छेद द्यावा; अशा धारेने वर्तुळाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. शिसे सुईच्या टोकापेक्षा किंचित आखूड ठेवावे, कारण सुई कागदात थोडी रुतते.

शार्पनरबद्दल दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पेन्सिल छिद्रात सरळ धरावी, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत दाब जवळजवळ काढून घ्यावा. साल सलग फितीसारखी येत असेल तर पाते धारदार आहे. चुरा पडू लागला तर पाते गेले असे समजून ते बदलावे किंवा सरळ नवा शार्पनर घ्यावा. टेबलाला अडकवायची हँडलची यंत्रे आणि विजेवर चालणारी यंत्रे लिहिण्याच्या पेन्सिलींना ठीक आहेत. महागड्या मऊ पेन्सिली त्यांत घालू नयेत.

चारकोल पेन्सिलीच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. तिचा गाभा जाड आणि फार ठिसूळ असतो, म्हणून ताज्या पात्याने अगदी पातळ साली काढाव्यात, गाभा ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडा करू नये आणि बोट शक्य तितके टोकाजवळ आधाराला ठेवावे. पॉलिश पेपरवर तिला जोर मुळीच लागत नाही, केवळ टेकवून फिरवले तरी ती झिजते. पांढरा चारकोल आणि पेस्टल पेन्सिल यांनाही हीच रीत, फक्त त्यांच्यासाठी पेपरची पट्टी वेगळी ठेवावी, नाहीतर पांढऱ्याचा राखाडी होतो. काही पेन्सिलींना लाकडाऐवजी कागदाची गुंडाळी आणि एक दोरा असतो. त्यांना पाते लावायचेच नसते, दोरा थोडा ओढून कागदाचा एक वेढा सोडवायचा.

रंगीत पेन्सिलींचा गाभा मेणात किंवा तेलात बांधलेला असतो. त्यांना धारदार शार्पनर चालतो, पण मेण पात्यावर चिकटून बसते; मधूनमधून एखादी साधी पेन्सिल त्यात फिरवली की पाते बरेचसे साफ होते. उन्हात तापलेली मेणाची पेन्सिल लगेच तासू नये, गाभा मऊ पडलेला असतो; थोडा वेळ सावलीत ठेवून मग तासावी. पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली ओल्या असताना तासल्या तर फुगलेले लाकूड फाटते, म्हणून त्या पूर्ण वाळू द्याव्यात. त्यांच्या गाभ्याची भुकटी ओल्या कुंचल्याने उचलून रंग म्हणून वापरता येते.

इतके करूनही एखाद्या पेन्सिलीचे शिसे पुन्हापुन्हा तुटत असेल, तर ती कधीतरी फरशीवर पडून आतल्या आत तडकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिचा तेवढा भाग तासून टाकण्यावाचून इलाज नाही. विकत घेतानाच पेन्सिलीचे मागचे टोक निरखून पाहावे: शिशाचा काळा ठिपका लाकडाच्या मधोमध नसेल, तर शार्पनरमध्ये एका बाजूला लाकूड शिशावर चढलेले राहते. अशी पेन्सिल आधीच घरी असेल तर ती कटरसाठी राखून ठेवावी, कारण कटरने ज्या बाजूला लाकूड जाड आहे ती बाजू जास्त उतरवता येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक क्रमांकाच्या दोन-दोन पेन्सिलींना टोक काढून, कंपासपेटीत सुट्या न टाकता, कापडाच्या गुंडाळीत टोके एका बाजूला करून ठेवाव्यात.