अ‍ॅमस्टरडॅमची कालव्याकाठची घरं अभ्यासताना या चुका टाळा

कालव्याकाठच्या जुन्या घराच्या नूतनीकरणाचं काम आलं की नवशिके आधी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहतात. दर्शनी भिंतीच्या माथ्याचा आकार बघायचा, कोणता आकार कोणत्या शतकातला या तक्त्याशी जुळवायचा आणि अहवालात शतक टाकून मोकळं व्हायचं. पायऱ्यापायऱ्यांचा माथा जुना, घंटेच्या आकाराचा त्यानंतरचा. पण हे वय झालं माथ्याचं, घराचं नव्हे! फॅशन बदलली तेव्हा कित्येक मालकांनी दर्शनी भिंत तेवढी नवी घातली. मागचा लाकडी सांगाडा तसाच राहिला.

एका घरात या घाईपायी घात होता होता राहिला. अहवालात 'अठरावं शतक' लिहिलेलं, म्हणून सुतार गिलाव्याचं छत पाडून वरच्या तुळया बदलायला निघाले होते. मी कोपऱ्यातला वीतभर गिलावा काढायला लावला आणि आत टॉर्च धरला. ओकची जाड तुळई, टोकाखाली कोरीव लाकडी टेकू, जोडापाशी छिन्नीने मारलेला रोमन आकडा. असे टेकू सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे किंवा त्याआधीचे. तुळया वाचल्या. तेव्हापासून मी आधी पोटमाळा आणि तळघर बघतो, मग मागची बाजू, दर्शनी भिंत शेवटी. दोन दिवस जास्त जातात. जाऊ द्यावेत.

भिंत पुढे झुकलेली दिसली की लगेच 'धोकादायक' लिहू नका. इथे ती मुद्दाम तशी बांधत. ओळंबा लावून बघा, पण बाजूच्या भिंतीशी सांध्यात ताजी भेग आहे का, तेही बघा.

आजचे घरक्रमांक 1875 पासूनचे आहेत; त्याआधीच्या दस्तांत ते शोधू नका.

तळघर कोरडं करायला भूजल उतरवू नका. पायाचे लाकडी खांब पाण्याखाली असतात तोवर टिकतात, वरची टोकं उघडी पडली की कुजतात.

आणि विटांमधले सांधे सिमेंटने भरणं! ते बघून माझा जीव तुटतो. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल मऊ विटेत मुरते आणि हिवाळ्यात गोठली की विटेचा पापुद्रा सुटतो. मी किल्लीने सांधा खरवडून बघतो: चुना भुरभुरतो, सिमेंट हलत नाही. ते काढायचं असेल तर हातछिन्नीनेच काढा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत.