तापात मुलाला आकडी आली तर या चुका टाळा

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून मला अठरा वर्षं झाली. तापात आकडी आलेलं मूल घेऊन आईवडील धावत येतात, तोवर आकडी बहुधा थांबलेली असते. बऱ्याचदा आम्हाला उपचार करावे लागतात ते घाबरून केलेल्या उपायांवर.

पहिली चूक म्हणजे तोंडात काहीतरी घालणं. एका रात्री दोन वर्षांची मुलगी आली, स्वेटर पुढून रक्ताने भिजलेला. वडिलांच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला, त्यातूनही रक्त झिरपत होतं. आकडी दोनेक मिनिटांत थांबली होती आणि मुलगी आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. पण दातखीळ बसलेली पाहून वडिलांनी आधी चमचा घुसवला, मग बोट. चमच्याने पुढचा दुधाचा दात तुटला, बोट दातांत सापडलं. आता तुटलेला दात गेला कुठे? श्वासनलिकेत तर नाही ना? झोपेतून उठवून तिचा छातीचा एक्स-रे काढला. दात शेवटी स्वेटरच्या कॉलरच्या घडीत मिळाला. वडील तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसून होते. त्यांना रागावण्याचा धीर मला झाला नाही.

जीभ गिळली जात नाही. ती तोंडाच्या तळाशी पक्की जोडलेली असते. चावली गेलीच तर भरून येते. मुलाला जमिनीवर किंवा रुंद पलंगावर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहून जाते. गळ्याभोवतीचं काही घट्ट असेल तर सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला सारा. बस, हातांचं काम इथेच संपलं.

त्यानंतरचं काम डोळ्यांचं, आणि इथेच दुसरी मोठी चूक होते: घड्याळ कोणी बघतच नाही. "किती वेळ चालली?" असं विचारलं की "पंधरा-वीस मिनिटं" हे उत्तर ठरलेलं. एका आईने असंच सांगितलं, आणि तिच्याच बहिणीने काढलेल्या व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरली सव्वा मिनिट. आई खोटं बोलत नव्हती. पोटच्या पोराचे डोळे वर गेलेले, ओठ निळसर पडलेले पाहताना मिनिट संपता संपत नाही. पण पुढचे निर्णय याच आकड्यावर होतात. पाच मिनिटांनंतरही थांबली नाही तर रुग्णवाहिका हवीच. पंधरा मिनिटांपेक्षा लांबली, शरीराच्या एकाच बाजूला आली किंवा चोवीस तासांत पुन्हा आली, तर डॉक्टर तिला साधी आकडी म्हणत नाहीत. मी स्वतः आजही घड्याळाकडे बघून वेळ मोठ्याने उच्चारते, "दोन वाजून दहा मिनिटं." मनात धरलेली वेळ घाबरल्यावर आठवत नाही. घरात दुसरं कोणी असेल तर त्याला व्हिडिओ काढायला सांगा.

हातपाय दाबून धरू नका. गार पाण्याने आंघोळ घालू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही, औषध नाही, एक थेंबही नाही. आणि झटके चालू असताना मूल उभं छातीशी धरून दुचाकीवर निघू नका. मान लोंबकळते, लाळ घशात जाते. ही घाई मला सगळ्यात जास्त खुपते, कारण आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबणार असते.

"रात्रीचा एक डोस चुकला म्हणून आकडी आली," असं म्हणत रडणाऱ्या आया मी रोज बघते. तसं नसतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभर मुलांमागे दोन ते पाच जणांना अशी आकडी येते, आणि कितीतरी घरांत ताप आहे हेच आकडीनंतर कळतं. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, आकडी टळेलच असं नाही. म्हणून भीतीपोटी दर दोन तासांनी डोस ओतू नका, यकृताला इजा होते. वजनावर ठरलेला डोस, ठरलेल्या अंतरानेच.

साध्या आकडीनंतर मेंदूच्या तपासण्या आणि रोजची गोळी मागणारेही खूप. बहुतेकांना दोन्हीची गरज नसते. साधारण तिघांपैकी एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते, पण साध्या आकडीनंतर मिरगी जडण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते.

मात्र याच्या उलट चूकही बघितली आहे: एकदा येऊन गेली म्हणून दुसऱ्या वेळी "तापाचीच आहे" म्हणत घरी थांबणं. मान ताठ झाली, दाबल्यावर न विरणारे पुरळ आले, उलट्या थांबेनात, किंवा तासाभरानंतरही मूल नीट जागं होईना, तर मेंदूज्वराची शंका घ्यायची आणि तडक रुग्णालय गाठायचं. पहिली आकडी आणि सहा महिन्यांखालचं बाळ, दोन्हींत डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

डॉक्टरांनी लांबलेली आकडी थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. बाहेर जाताना नेहमी उचलता त्या पिशवीत ठेवा, मुदत तपासा, आणि कसा वापरायचा ते मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हातात देऊन दाखवा.