वर्गात राजकारणाचा विषय निघाला की या चुका टाळा

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन सुरू झालं की आपल्या नागपुरात पोरं शाळेत उशिरा येतात आणि सोबत बातम्या घेऊन येतात, कोणाचा ऑटो सीताबर्डीत अडकलेला, कोणी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला पाहिलेला, मग हजेरी घेतानाच प्रश्न येतो, "सर, काय होऊन राहिलं तिकडे?" मी नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "ते सोडा, पुस्तक काढा." मी वर्षानुवर्षं हेच केलं. विषय बंद होत नाही, तो मधल्या सुट्टीत व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर चालतो आणि तिथे चूक दुरुस्त करणारं कोणी नसतं.

दुसरी चूक माझ्या मनाला लागलेली आहे. एकदा मोर्च्यामुळे उशीर झाला म्हणून पोरं चिडून बोलत होती, "यांना काही कामधंदे नाहीत", आणि मीही हसून मान डोलावली. एक मुलगी बाकावर डोकं ठेवून बसली होती. सुट्टी झाल्यावर आली आणि हळूच म्हणाली, सर, माझी आई पण होती त्यात, अंगणवाडीत आहे ती, पहाटे पाचलाच डबा बांधून गेली. तेव्हापासून मी असंच धरून चालतो की ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्या घरचं कोणीतरी इथेच बसलेलं आहे.

पण म्हणून त्या पोराला उभं करून "तुमच्याकडे काय म्हणतात?" असं विचारायचं नाही, अजिबात नाही. मार्च 2025 मध्ये दंगलीनंतर शहराच्या काही भागात कर्फ्यू लागला होता, अशा वेळी एखाद्या लेकराला त्याच्या मोहल्ल्याचा जबाब द्यायला लावणं क्रूरपणा आहे. त्यापेक्षा सगळ्यांना नाव न टाकता चिठ्ठीवर लिहू द्या. मोठ्यांच्या डोक्यात पक्ष असतात, पोरांच्या चिठ्ठीत "पप्पा कामावरून घरी कसे येतील" असलं काही निघतं, आधी त्यावर बोला.

लगेच वादविवाद लावू नका. मी फळ्यावर तीन रकाने आखतो, पाहिलं, ऐकलं, माहीत नाही. बहुतेक सगळं "ऐकलं" मध्येच जातं, ते पोरांनाच दिसतं. मग जे तपासता येतं ते तपासायचं, विधानसभेत 288 आमदार म्हणजे बहुमताला 145, पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा. "अधिवेशन नागपुरातच काऊन?" या एका प्रश्नावर 1953 च्या नागपूर करारापर्यंत (वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं हे त्यातच ठरलं) जाता येतं, आख्खा तास रंगतो.

तुम्ही मत कोणाला देता असं विचारलं तर मतदान गुप्त असतं एवढंच सांगा. आणि पालकाचा फोन येण्याआधी मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा, फळ्याचा फोटो काढून ठेवला तर उत्तमच.

त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. नंतर ती स्वतःहून आईकडचं मागण्यांचं पत्रक घेऊन आली, मानधनाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. आम्ही ते वर्गात वाचलं, आणि मोर्च्याच्या दिवशी सगळ्यात जास्त चिडलेल्या पोराने विचारलं, "सर, मानधन आणि पगार यात फरक काय असतो?"